वाऱ्याचा भार आणि घराचा कायदा

इ. स. १९२६ च्या सप्टेंबर महिन्यातील १८ वी तारीख. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अगदी दक्षिणेकडील जे फ्लोरिडा, त्याच्या समुद्रकाठी वसलेल्या मायामी शहरावर रात्रभर वादळ घोंगावत होते. धोक्याची निशाणे आदल्या रात्री इतक्या उशिरा चढली होती की, ती पाहावयास फारच थोडी माणसे जागी असतील. पहाटेपर्यंत वाऱ्याचा जोर वाढत गेला आणि मग सकाळी तो एकाएकी पडला. आकाश निवळले. घरोघरची माणसे दारे उघडून रस्त्यावर आली. कोणी पडझड पाहू लागले, कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समाचार घेऊ लागले, तर समोरच्या बेटावर अडकलेली कित्येक माणसे मोटारी काढून पुलावरून शहराकडे निघाली. सरकारी हवामान कचेरीचे तेथील प्रमुख रिचर्ड ग्रे यांनी, वादळ संपलेले नाही, घरात परता, असे लोकांस परोपरीने विनविले. परंतु त्यांचा आवाज पोहोचणार तरी किती दूर? सुमारे अर्ध्या तासाची ती शांतता म्हणजे चक्रीवादळाचा मध्यबिंदू, ज्यास त्याचा डोळा म्हणतात, तो शहरावरून सरकत होता. तो सरकला आणि वारा उलट्या दिशेने पूर्वीपेक्षाही भयंकर होऊन आला. त्या वादळात सुमारे ३७० माणसे प्राणांस मुकली. त्यांपैकी कित्येकांस मृत्यूने उघड्या रस्त्यावर गाठले.

या लोकांस डोळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, यात नवल नाही. मायामी शहराची स्थापनाच मुळी १८९६ सालची. १९२० साली तेथे तीस हजारही वस्ती नव्हती. १९३० साली ती एक लाखाच्या वर गेली होती. मधल्या काळात जमिनीच्या सौद्यांची जी लाट उसळली, तिच्याबरोबर उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हजारो कुटुंबे तेथे येऊन राहिली. त्यांनी ऊन पाहिले होते, समुद्र पाहिला होता. वादळ पाहिले नव्हते. आणि जी गोष्ट माणसांची, तीच त्यांच्या घरांची. महिन्यादोनमहिन्यांत उभी करावयाची घरे, ती ज्यास विकावयाची तो परगावचा, आणि बांधणाराही बहुधा परगावचाच! शहराच्या मध्यभागी मायर-काय्झर नावाची सतरा मजल्यांची पोलादी सांगाड्याची इमारत नुकतीच उभी राहिली होती. वाऱ्याने तिचा सांगाडा असा पिळवटला की, पुढे तिचे वरचे दहा मजले उतरवून टाकावे लागले. उंच इमारत आपल्या वजनानेच स्थिर राहते, अशी ज्यांची समजूत होती त्यांस तो पिळलेला सांगाडा हे एक उत्तरच होते.

हरिकेन काय किंवा चक्रीवादळ काय, निसर्गाची लीला एकच. समुद्र बदलला की नाव बदलते. 'सायक्लोन' हा शब्द तर हिंदुस्थानातच जन्मास आला. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थाने १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो प्रथम योजला. वाऱ्याचे वर्तुळाकार फिरणे विद्वानांस अशा रीतीने बरेच आधी समजले होते. परंतु तो वारा भिंतीवर आणि छपरावर किती भार घालतो, आणि तो भार सोसण्याचे बंधन घर बांधणारावर कायद्याने कसे घालावे, हा प्रश्न निराळा होता व त्याचे उत्तर फार सावकाश सापडत गेले.

या बाबतीतील पहिला मोठा धडा घराने दिला नाही, पुलाने दिला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीच्या मुखावरील रेल्वेचा पूल, वरून आगगाडी जात असतानाच, वादळी वाऱ्यात कोसळला. गाडीतील एकही मनुष्य वाचला नाही. चौकशीत असे उघडकीस आले की, पुलाची रचना करणारे टॉमस बाउच यांनी वाऱ्याच्या दाबाचा स्वतंत्र हिशेबच धरलेला नव्हता. पुढे ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याने रेल्वेच्या पुलांकरिता प्रत्येक चौरस फुटामागे ५६ पौंड दाब गृहीत धरण्याचा दंडक घातला. वारा हा केवळ हवामानाचा प्रकार नसून तो एक भार आहे, आणि जसे माणसांचे व सामानाचे वजन आधी हिशेबात घ्यावयाचे तसेच याचेही घ्यावयाचे, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली.

या भाराचे दोन स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास नीट कळावयाचा नाही. पहिला असा की, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० मैलांच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४४ किलो भरतो. ताशी १२० मैलांच्या वाऱ्याचा दाब १७६ किलोंच्या घरात जातो. साध्या वादळात टिकलेले घर मोठ्या वादळातही टिकेल, हा भरवसा म्हणूनच फसवा असतो. दुसरा स्वभाव याहून चमत्कारिक आहे. वारा समोरच्या भिंतीला ढकलतो, हे कोणासही दिसते. पण छपरावरून वेगाने वाहत असता तो छपरास खाली दाबीत नाही, वर ओढतो. ही ओढ आढ्याजवळ, कडांवर आणि विशेषतः कोपऱ्यांवर सर्वांत जबर असते. अशा वेळी एखादी खिडकी फुटली, तर आत शिरलेला वारा छपरास आतून वर रेटतो. बाहेरची ओढ आणि आतला रेटा एक होतात. घराची सारी रचना पिढ्यान्‌पिढ्या वजन खाली नेण्यासाठी झालेली. छपराचे कैचीवर, कैचीचे भिंतीवर, भिंतीचे पायावर. वादळाच्या रात्री हाच प्रवास उलटा होतो. छपराने कैचीस, कैचीने भिंतीस आणि भिंतीने पायास धरून ठेवावे लागते. ही धरणूक खिळ्याने, पट्टीने आणि सळईने होते, आणि साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट असते.

१९२६ च्या आघातानंतर मायामी व आसपासच्या नगरांनी आपले बांधकामाचे नियम कडक केले. नुसत्या ठोकळ्यांच्या भिंती रचून त्यांवर छप्पर ठेवून देणे धोक्याचे आहे, हे ढिगाऱ्यांनीच शिकविले होते. म्हणून भिंतींच्या माथ्यावर सभोवार लोखंडी सळयांनी युक्त अशी काँक्रीटची सलग तुळई फिरवावी आणि छपराच्या कैच्या लोखंडी पट्ट्यांनी त्या तुळईशी जखडाव्या, ही पद्धत तेथे रुळत गेली. पुढील वर्षांत वादळांनीही या शिक्षणात खंड पडू दिला नाही. १९३५ साली फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरील बेटे धुऊन निघाली. १९४५ साली मायामीच्या दक्षिणेस असलेल्या आरमाराच्या तळावरील प्रचंड लाकडी हवाई-शाळा कोसळून जळाल्या. अखेर १९५७ साली डेड परगण्याने 'साउथ फ्लोरिडा बिल्डिंग कोड' या नावाची एकच नियमावली साऱ्या परगण्यासाठी स्वीकारली. जमिनीपासून तीस फूट उंचीवर ताशी १२० मैलांचा वारा गृहीत धरून घर बांधावे, असे तिने फर्मावले. साऱ्या अमेरिकेत वाऱ्याविषयीची अत्यंत कडक नियमावली म्हणून तिचा लौकिक झाला, आणि हा लौकिकच पुढे घातक ठरला.

कारण १९६५ सालच्या बेट्सी वादळानंतर मायामीवर सत्तावीस वर्षे मोठे संकट आले नाही. १९६० साली डेड परगण्याची वस्ती साडेनऊ लाखांच्या आत होती. १९९० साली ती एकोणीस लाखांवर गेली. म्हणजे १९२६ च्या पूर्वीची स्थिती पुन्हा एकवार निर्माण झाली. निम्म्याहून अधिक माणसे नवी, घरे नवी, बांधणारे नवे. आणि वादळ ही वडीलधाऱ्या मंडळींनी सांगावयाची गोष्ट. नियमावली फाटली नव्हती की जळली नव्हती. तिच्या आतले एकेक कलम मात्र काळजी न घेतलेल्या दोरासारखे उसवत गेले. छपराच्या फळ्या कैच्यांवर खिळ्यांनी ठोकावयाच्या, तेथे हवेच्या दाबाने भराभर मारता येणारे तारेचे स्टेपल चालू लागले. प्लायवूडच्या जागी लाकडाच्या कपच्या डिंकाने दाबून केलेले तक्ते आले. प्रत्येक सवलतीमागे कारण होते. वेळ वाचतो, पैसा वाचतो, घर स्वस्त पडते. आणि कोणत्याही सवलतीचे वाईट फळ दुसऱ्या दिवशी दिसत नसते.

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास एका शहराने आपल्या सर्वनाशातून एक नवी गोष्ट शिकून घेतली होती. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरावर 'ट्रेसी' नावाचे चक्रीवादळ आदळले. वायुवेगमापकाने ताशी २१७ किलोमीटरांचा झोत नोंदविला आणि मग ते यंत्रच निकामी झाले. शहरातील सुमारे सत्तर टक्के घरे उद्ध्वस्त झाली. आश्चर्य असे की, छपराचे पत्रे ज्या स्क्रूंनी व खिळ्यांनी बसविले होते ते पुष्कळ ठिकाणी जागच्या जागी शाबूत होते. पत्रा मात्र त्यांच्या भोवती फाटून निघून गेला होता. तार पुन्हा पुन्हा वाकविली म्हणजे जशी तुटते, तसाच हा प्रकार. वादळातील वारा एकसारखा दाबून धरीत नाही. तो तासन्‌तास झोत मारीत राहतो आणि हजारो हिसक्यांनी धातू थकतो. एकदाच जोराने ओढून पत्रा टिकतो की नाही हे पाहणारी जुनी कसोटी त्यामुळे अपुरी ठरली. डार्विनच्या पुनर्रचनेत पत्र्यास दहा हजार वेळा ओढून पाहण्याची कसोटी लावण्यात आली, आणि घर हे साध्या मिस्त्रीच्या अंदाजावर न सोडता पुलाप्रमाणे हिशेबाने बांधावयाचे, हा दंडक ऑस्ट्रेलियाने आपल्या वादळी किनाऱ्यास लागू केला.

मायामीची परीक्षा १९९२ साली झाली. २४ ऑगस्टच्या पहाटे पाचच्या सुमारास 'अँड्र्यू' हे वादळ शहराच्या दक्षिणेस होमस्टेडच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. राष्ट्रीय हरिकेन केंद्राची कचेरी तेव्हा मायामीच्या शेजारच्या कोरल गेबल्स येथे होती. तिच्या गच्चीवरील रडार वाऱ्याने उपटून टाकले आणि तेथील मापकाने ताशी १६४ मैलांचा झोत नोंदविला. दहा वर्षांनी सर्व पुराव्याची पुन्हा छाननी होऊन हे वादळ पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, वर्गातील होते असे ठरले. डेड परगण्यात पंचवीस हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली आणि एक लाखाहून अधिक घरांस इजा पोहोचली.

प्रथम सर्वांनी निसर्गास दोष दिला. इतके मोठे वादळ, त्यापुढे मनुष्याचे काय चालणार? परंतु थोड्याच आठवड्यांत ही समजूत डळमळू लागली. 'मायामी हेरल्ड' या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी एक साधीच, पण कोणी न केलेली गोष्ट केली. कोणते घर किती मोडले याची सरकारी नोंद, ते घर केव्हा बांधले याची नोंद आणि त्या जागी वारा किती होता याचा नकाशा, ही तिन्ही त्यांनी एकमेकांवर ठेवून पाहिली. वारा जेथे अधिक तेथे नाश अधिक, असेच दिसावयास हवे होते. पण निघाले ते निराळेच. वारा कमी असलेल्या भागांतही कित्येक वसाहती पार मोडल्या होत्या. आणि १९८० नंतर बांधलेली नवी घरे जुन्या घरांहून अधिक प्रमाणात राहण्यास अयोग्य झाली होती. मनुष्याची विद्या वाढत असता त्याचे घर दुबळे होत गेले, हा त्या आकड्यांचा अर्थ होता. या शोधाबद्दल त्या पत्रास १९९३ साली लोकसेवेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

इंजिनिअर लोक ढिगाऱ्यातून हिंडले तेव्हा त्यांस कारणेही सापडली. छपराचे तक्ते उचलून पाहिले तर स्टेपल कैचीच्या लाकडात नव्हतेच. ते चुकून शेजारच्या पोकळीत मारलेले होते. म्हणजे तो तक्ता केवळ आपल्या वजनावर पडून होता. लोखंडी पट्टी होती, पण तिला खिळे अर्धेच मारलेले. छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींस आतून आधार नव्हता, म्हणून त्या आधी कोसळल्या आणि मागोमाग छप्पर गेले. परगण्याच्या ग्रँड ज्युरीनेही चौकशी केली व बांधकामाच्या तपासणीतील ढिलाईवर ठपका ठेवला. एकेका तपासनीसावर इतक्या घरांचा बोजा होता की, छपरावर चढून खिळे मोजावयास त्यास सवड मिळणे कठीणच होते. कायद्यात नियम होता, कागदावर सही होती, घरात खिळा नव्हता. याउलट 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या हौशी स्वयंसेवकांनी गरीब कुटुंबांसाठी बांधलेली घरे त्याच वादळात जवळजवळ निर्वेध उभी राहिली. या मंडळींस सुतारकाम येत नव्हते. म्हणूनच एका खिळ्याच्या जागी त्यांनी दोन-दोन, तीन-तीन ठोकले होते, असे त्याचे कारण सांगतात.

येथे १९२६ आणि १९९२ ही दोन सालं शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक विलक्षण विरोध नजरेस येतो. १९२६ साली लोकांस सूचना वेळेवर मिळाली नाही. १९९२ साली उपग्रह होते, रेडिओ होता, दूरचित्रवाणी होती आणि लाखो माणसे वेळेवर किनारा सोडून गेली. म्हणूनच इतक्या मोठ्या संहारात वादळाच्या एकंदर मार्गावर मिळून ६५ च माणसे दगावली. वादळाचे भविष्य सांगणारी विद्या या सहासष्ट वर्षांत कितीतरी पुढे गेली. वादळ सोसण्याची विद्याही हाती होती, लिहून ठेवलेली होती. पण ती पाळण्याची सवय तेवढी मागे पडली. जीव वाचले, संसार वाचले नाहीत. अकरा विमा कंपन्यांचे दिवाळे वाजले, आणि हजारो कुटुंबे परगणा सोडून कायमची निघून गेली.

सुधारणा झाली ती याच धक्क्याने. १९९४ साली डेड परगण्याच्या नियमावलीची डागडुजी झाली. छपरासाठी स्टेपल बंद झाले आणि खिळ्यांतील अंतर आखून देण्यात आले. खिडकी फुटली की छप्पर जाते, हे आता सिद्ध झाल्यामुळे प्रत्येक खिडकीस व दारास झडप असावी, किंवा त्यांची काच आघात सोसणारी असावी, असा नियम आला. तो आघात किती, हेही मोघम ठेवले नाही. दोन इंच बाय चार इंची, नऊ पौंड वजनाचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून सेकंदास पन्नास फूट या वेगाने खिडकीवर मारावयाचा. त्यानंतर तीच खिडकी हजारो वेळा आतबाहेर दाबावयाची. इतके होऊनही ती भेदली गेली नाही तर ती पास! वादळात उडालेल्या शेजाऱ्याच्या छपराचा वासा आपल्या खिडकीवर येतो, हा अनुभव त्या कसोटीत जसाच्या तसा उतरला आहे, आणि डार्विनने शिकविलेला थकव्याचा धडाही तीत सामावलेला आहे.

पुढे सबंध फ्लोरिडासाठी एकच नियमावली करण्याचे १९९८ साली ठरले आणि १ मार्च २००२ पासून ती अमलात आली. तिचा कस दोनच वर्षांनी लागला. १३ ऑगस्ट २००४ रोजी 'चार्ली' हे वादळ पश्चिम किनाऱ्यावरील पुंता गोर्डा या गावावरून गेले. विमा व्यवसायाच्या संशोधन संस्थेने त्या परगण्यातील दावे तपासले, तेव्हा १९९६ नंतरच्या कडक नियमांनी बांधलेल्या घरांकडून आलेले दावे जुन्या घरांच्या मानाने साठ टक्क्यांनी कमी होते. आणि जे आले तेही बेचाळीस टक्क्यांनी हलके होते. नियम पाळला तर घर टिकते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

असे असूनही मनुष्यस्वभाव बदलला नाही. राज्याच्या वायव्येकडील चिंचोळ्या पट्टीत मोठी वादळे क्वचित येतात, या सबबीवर तेथे किनाऱ्यापासून मैलापलीकडे झडपांच्या नियमातून सूट देण्यात आली होती. ती पुढे २००७ साली काढून घेण्यात आली. पण मधल्या काळात बांधलेली आणि त्याहूनही जुनी घरे तशीच राहिली. १० ऑक्टोबर २०१८ रोजी 'मायकल' हे पाचव्या वर्गाचे वादळ नेमके याच पट्टीतील मेक्सिको बीच या गावावर आले. समुद्रकाठच्या ओळीच्या ओळी नाहीशा झाल्या. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत त्या ओसाड वाळूवर एक घर मात्र ताठ उभे दिसत होते. ते नियमात सांगितल्याहून पुष्कळच अधिक बळकट, काँक्रीटच्या खोल खांबांवर बांधलेले होते. ते पाहून लोक आश्चर्य करीत होते. पण खरे आश्चर्य त्या घराचे नव्हते, भोवतालच्या मोकळ्या जागेचे होते.

या नियमांविरुद्ध घेतला जाणारा एक आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही. बळकट घर महाग पडते, आणि ज्यास ते परवडत नाही त्याने काय करावे? अँड्र्यू वादळात सर्वांत आधी भुईसपाट झाली ती कारखान्यात तयार होऊन गाडीवरून आणलेली हलकी घरे, आणि त्यांत राहणारी माणसे बहुतांशी गरीब होती. अशा घरांसाठी केंद्र सरकारने १९९४ साली वाऱ्याचे अधिक कडक नियम केले; तथापि पूर्वी उभ्या असलेल्या घरांस नवा नियम बहुधा लागू होत नाही. म्हणून नियम कडक करणे हे अर्धेच काम होय. जुन्या घरास पट्टी बसविण्यासाठी, खिडकीस झडप लावण्यासाठी गरिबास साहाय्य देणे हा त्याचा उरलेला अर्धा भाग. आणि खर्चाचा हिशेब मांडावयाचाच तर तो पुरता मांडला पाहिजे. कैचीस जखडणारी पट्टी आणि चार अधिक खिळे यांची किंमत घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. गेलेल्या छपराची किंमत म्हणजे आतला सारा संसार.

महाराष्ट्रास हा इतिहास परका राहिलेला नाही. मुंबईस १९४८ च्या नोव्हेंबरात चक्रीवादळाने झोडपले होते. परंतु अरबी समुद्रातील वादळे बहुधा गुजराथकडे अथवा अरबस्तानाकडे वळतात, या अनुभवामुळे कोकणचा किनारा निर्धास्त राहिला. २००९ साली 'फयान', ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस चढलेले 'निसर्ग' आणि २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्यालगत उत्तरेस गेलेले 'तौक्ते' यांनी ती निर्धास्ती पार मोडली. निसर्ग वादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि गावेच्या गावे उघडी पडली. कौले उडाली, पत्रे कागदासारखे भिरभिरले. ज्यांनी ती घरे पाहिली त्यांस डार्विन व मायामी येथील वर्णने निराळी वाटू नयेत. कौल रिपांवर बहुधा केवळ वजनाने बसते, आणि पत्र्याचे हूक गंजले की तोही फारसा निराळा राहत नाही.

भारतातही वाऱ्याच्या भाराचे मानक आहे. भारतीय मानक ८७५ हे प्रथम १९५७ साली, म्हणजे मायामीच्या नियमावलीच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्याच्या वाऱ्याविषयीच्या तिसऱ्या भागात देशाचा नकाशा असून सेकंदास ३३ मीटरपासून ५५ मीटरपर्यंत वेगाचे सहा पट्टे त्यात पाडलेले आहेत. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळाचा एक जादा गुणक घालण्यात आला. किनाऱ्यालगतच्या साठ किलोमीटरांच्या पट्ट्यात, वादळानंतर ज्यांची निकड भासते अशा इस्पितळांसारख्या इमारतींसाठी तो १.३० इतका धरला आहे. मात्र हा पट्टा पूर्व किनाऱ्याचा आणि गुजराथचा. कोकणचा त्यात उल्लेख नाही. नोंदी तशा होत्या म्हणून नियमही तसा झाला, हे खरे. पण फ्लोरिडाच्या वायव्य पट्टीची हकिकत ज्याच्या ध्यानात आहे, त्यास हा उल्लेख वाचून क्षणभर थांबावेसे वाटेल. शिवाय खेड्यातील बहुसंख्य घरे इंजिनिअर बांधीत नाही, गावचा गवंडी आणि सुतार बांधतो. लहान घरे वादळात टिकावी म्हणून काय करावे याच्या सूचना भारतीय मानक १५४९८ मध्ये २००४ सालीच लिहून ठेवलेल्या आहेत. त्या गवंड्याच्या हातापर्यंत जावयास हव्यात.

कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची जुनी चाल आहे. दरसाल वैशाखात छपरावर चढावयाचे, कौले उतरून फुटकी बाजूस काढावयाची, कुजलेली रीप बदलावयाची आणि मग पुन्हा सारे नीट रचावयाचे. गेल्या वर्षी घर गळले नव्हते म्हणून यंदा शाकारणी नको, असे शहाणा गृहस्थ म्हणत नाही. ही चाल पावसासाठी पडली, वादळासाठी नव्हे. परंतु मायामीने दोनदा मोल देऊन जे शिकले ते याहून फारसे वेगळे नाही. नियम एकदा लिहिला म्हणजे काम संपत नाही. तो दरसाल छपरावर चढून, हाताने चाचपून पाहावा लागतो. अशा रीतीने तपासलेल्या पट्टीचे आणि खिळ्याचे काम मोठे वादळ येईपर्यंत कोणास दिसत नाही, आणि ते आल्यावर तपासणीस वेळ उरत नाही.